इनेसच्या कोर्टमागची खुर्ची

इनेस गेल्याचं मला कोच लिमनी कळवलं. मी सिंगापूरमध्ये, पाया लेबारच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. कोच लिम कधी फोन करत नाहीत. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, मोबाइलवर अंगठ्याचं चित्र पाठवलं की त्यांचं बोलणं संपलं. त्यामुळे स्क्रीनवर त्यांचं नाव दिसलं तशी मी उठून बाहेर आले. “इनेस,” ते म्हणाले. “आज सकाळी. आईच्या घरी.” फोन ठेवायला दोघांपैकी कोणीच तयार नव्हतं. स्वादुपिंडाचा कॅन्सर झाल्याचं कळल्यावर ती चार महिन्यांपूर्वी स्पेनला परत गेली होती. वय एकोणचाळीस. त्या फोनला आता सात आठवडे झालेत, आणि मला तिच्या आजारपणाबद्दल लिहायचं नाही. ती कशी खेळली ते लिहायचं आहे.

इनेस स्पेनची बॅडमिंटनपटू. महिला एकेरीत दहा वर्षं जगभर खेळली. उत्तर स्पेनच्या किनाऱ्यावर तिचं मासेमारीचं छोटं गाव होतं, आणि गावात बॅडमिंटन म्हणजे शाळेच्या जिममध्ये हँडबॉलच्या रेघांवर चिकटपट्ट्या लावून आखलेलं एकच कोर्ट. युरोपातल्या एका स्पर्धेत पहिल्याच फेरीत ती हरली, तेव्हा प्रेक्षकांत बसलेले कोच लिम तिला म्हणाले, “पाय चांगले आहेत तुझे. सिंगापूरला आलीस तर शिकवीन.” बोलण्याच्या ओघात माणूस म्हणतो तसं ते म्हणाले होते. तीन महिन्यांनी ही मुलगी दोन बॅगा घेऊन क्वीन्सटाउनच्या त्यांच्या हॉलच्या दारात उभी.

तिथेच माझी नि तिची गाठ पडली. मी नाशिकची, कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून खेळले होते. मग नोकरी, लग्न, सिंगापूर... रॅकेट कपाटावर गेली ती गेलीच. प्रशांतने, माझ्या नवऱ्याने, एका गुरुवारी हट्टाने कोर्ट बुक केलं आणि आम्ही दोघं धापा टाकत खेळत होतो. शेजारच्या कोर्टवरून एक उंच, उन्हाने रापलेली मुलगी आली आणि म्हणाली, “तुम्ही दोघं एका बाजूला, मी एकटी. चालेल?” एकवीस-तीन. तिने घाम पुसला आणि मला विचारलं, “तू सोडून का दिलंस?” ओळख होऊन वीस मिनिटंही झाली नव्हती. मला रागच आला. पुढच्या गुरुवारी मी तिच्या आधी हॉलवर पोचले होते.

त्यानंतर सोळा वर्षं ती आमच्या घरातलीच होती. मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत तिचे घामेजलेले टी-शर्ट वाळत असायचे, आणि त्यावरून माझी नि तिची भांडणं व्हायची. वरण-भातावर तूप घेतलं की ती नाक मुरडायची आणि आपल्या पिशवीतून ऑलिव्ह तेलाची बाटली काढायची. हरणं तिला मुळीच सोसत नसे. माझी मुलगी रेवा सहा वर्षांची असताना इनेस तिच्याशी सापशिडीत हरली, तर बाईसाहेब अर्धा तास गप्प. पहिली तीन वर्षं तर ती हरतच होती. जकार्ता, बँकॉक, क्वालालंपूर... एकटी जायची, पात्रता फेरीत हरायची, परत यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कोर्टवर. मोठ्या देशांच्या खेळाडूंबरोबर कोच, फिजिओ, मॅनेजर असा लवाजमा असतो. कोर्टच्या मागे कोचसाठी खुर्ची ठेवलेली असते; अकरा गुण झाले की मिनिटभर थांबतात, तेव्हा कोच उठून खेळाडूला चार शब्द सांगतो. कोच लिमना लांबचे प्रवास झेपत नसत. इनेसच्या मागची खुर्ची रिकामी असायची. “त्या मिनिटात काय करतेस?” मी एकदा विचारलं. “पाणी पिते आणि खुर्चीकडे बघत नाही,” ती म्हणाली.

सिंगापूरच्या मोठ्या स्पर्धेत चौथ्या वर्षी तिला मुख्य फेरीत जागा मिळाली. पहिलाच सामना दुसऱ्या मानांकित खेळाडूशी. आता तरी खुर्चीत कोच लिम असणार म्हणून ती खुशीत होती. सामन्याच्या दोन दिवस आधी त्यांच्या छातीत दुखलं आणि त्यांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. मी त्यांना भेटायला गेले तर इनेस तिथेच होती. कोच लिमनी माझ्याकडे बोट केलं. “ही बसेल.”

“मी सॉफ्टवेअर टेस्ट करते,” मी म्हटलं.

“तेच. चूक कुठे होते ते बघ आणि सांग.”

गळ्यात पास अडकवून मी त्या खुर्चीत बसले. पहिल्या गेममध्ये इनेस चार-अकरा अशी मागे. मिनिटभराची विश्रांती झाली, मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि ऑफिसात दिवसभर फाडफाड बोलते ते इंग्रजी कुठल्या कुठे गेलं. तोंडातून मराठीच बाहेर पडलं. “अगं, ती मागे पाय रोवून उभी आहे, तू परत परत मागेच काय मारतेस? पुढे टाक ना, नेटजवळ, पुढे.” हातवारे चाललेच होते. इनेस टॉवेल तोंडावर धरून हसायला लागली. “एक शब्द कळला नाही,” ती म्हणाली. “ते शेवटचं काय? पुदे?”

“पुढे. नेटजवळ.”

“आणि बेसलाइनला?”

“मागे.”

तो गेम ती हरली, पण तेरा गुण काढून. दुसऱ्या गेमआधी ती माझ्याकडे वाकली. “तिच्या कोचला इंग्लिश येतं, स्पॅनिशही थोडं येतं. हे येत नाही. हेच बोल.” दोन रॅलींच्या मधे एखादा शब्द सांगायला कोचला मुभा असते. मी सांगत गेले. पुढे. पुढे. मागे. ती घाई करायला लागली की, थांब. समोरची मुलगी लांब हातांची होती. दोन्ही कडांचे फटके सहज परतवायची, पण अंगावर आलेलं शटल तिला जमत नव्हतं. मी म्हटलं, “अंगावर,” आणि छातीवर हात ठेवून दाखवलं. इनेसने दुसरा गेम एकवीस-सोळाने घेतला.

तिसऱ्या गेममध्ये एकोणीस-एकोणीस झालं. इनेसने वळून माझ्याकडे पाहिलं. होते नव्हते ते सगळे शब्द वापरून झाले होते. मी म्हटलं, “खेळ.” तिने मान डोलावली. पुढची रॅली किती लांबली ते मला आजही सांगता येणार नाही. ती दोनदा जमिनीवर पडली, दोनदा उठली, आणि शेवटी नेटवरून शटल असं हलकेच सोडलं की समोरची जागची हललीसुद्धा नाही. वीस-एकोणीस. मग सर्व्हिस, दोन फटके, आणि तिसरा सरळ अंगावर. पंचांनी निकाल सांगितला तो मला ऐकूच आला नाही. मी खुर्चीवर चढून उभी होते आणि एक अधिकारी मला खाली उतरायला सांगत होता. बाहेर येताना इनेसने विचारलं, “शेवटी तू काय म्हणालीस? जिंक?” मी म्हटलं, नाही, खेळ. “बरं झालं,” ती म्हणाली. “जिंक म्हणाली असतीस तर हरले असते.”

त्या स्पर्धेत ती सेमिफायनलपर्यंत गेली. पुढची सहा वर्षं कोच लिम सरावाला आणि मी, जमेल तेव्हा रजा काढून, खुर्चीला. डेन्मार्कमध्ये तिने पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली तेव्हा मी तिथे होते, आणि तिच्या देशाचं राष्ट्रगीत वाजताना मी एकटी हमसून रडत होते. ती मात्र शांतपणे च्युइंगगम चघळत होती. युरोपातलं रौप्यपदक, दोन वेळा गुडघ्याचं ऑपरेशन, दुसऱ्या ऑपरेशननंतर जागतिक क्रमवारीत पहिल्या वीसात परत येणं... पहिल्या वीसातली ती बातमी आली त्या दिवशी गुरुवार होता. आम्ही तिघं हॉलवर भेटलो आणि तिने मला नि प्रशांतला पुन्हा एकवीस-तीनने हरवलं.

खेळणं थांबवल्यावर ती याच क्वीन्सटाउनच्या हॉलमध्ये लहान मुलींना शिकवायला लागली. मागच्या महिन्यात तिच्यासाठी आम्ही तिथेच जमलो. भाषणं झाली नाहीत. मुलींनी सामने खेळले. बारा वर्षांची हुई मिन सर्व्हिस करत होती आणि बाकीच्या सगळ्या जणी मागून ओरडत होत्या, “पुदे, पुदे, मागे.” मी “अंगावर” म्हटलं तशी हुई मिन थबकली. नंतर येऊन सिंगापुरी इंग्रजीत विचारते, “आंटी, यू ऑल्सो स्पीक स्पॅनिश, आह?” मी तोंड उघडणार, तेवढ्यात रेवाने माझा दंड धरला. “आई, डोन्ट टेल हर, लाह.” मग मी नाही सांगितलं. या हॉलमध्ये ते शब्द इनेसचे आहेत.

शनिवारचा वर्ग आता मी आणि कोच लिम घेतो. परवा शाळांच्या स्पर्धेत हुई मिन तीन गेममध्ये जिंकली आणि हॉलबाहेर येऊन मी स्पेनला, इनेसच्या आईला फोन लावला. इनेस कुठेही असली तरी सामना संपल्यावर आधी आईला फोन करायची, आणि आई दोनच गोष्टी विचारायची: गुण किती, आणि ‘मान्याना?’ म्हणजे उद्या? एकेरीत जिंकणाऱ्यालाच उद्याचा सामना असतो, त्यामुळे जिंकलीस का असं त्या माउलीने मुलीला कधी विचारलं नाही. त्यांना इंग्रजी येत नाही. माझं स्पॅनिश एकवीस आकड्यांपुरतंच आहे, तेही या महिन्यात पाठ केलेलं. मी आधी हुई मिनचं नाव सांगितलं, मग एकेक आकडा सावकाश वाचला. एकवीस-अठरा. एकोणीस-एकवीस. एकवीस-सतरा. पलीकडे त्या लिहून घेत असाव्यात, कागदाचा आवाज येत होता.

“मान्याना?” त्यांनी विचारलं.

“सी,” मी म्हटलं. हो. उद्या आहे.