मुकी मशीन

माझी धाकटी जाऊ रश्मी जेवायलासुद्धा धड एका जागी बसत नाही. घास तोंडात आणि कान बाहेर. संध्याकाळी अंगणावरून एखादी पाकोळी, म्हणजे छोटं वटवाघूळ, गेली की ताट तसंच टाकून उठते. आमच्या सासूबाई, सुशीलाबाई, म्हणतात, "माहेरच्यानं हिच्या पायाले भिंगरी बांधून पाठवली."

माहेर चिचगडचं. वडील जंगलखात्यात मजूर. गावच्या शाळेच्या छपरात पाकोळ्या राहायच्या. त्या बाहेर पडल्या की बाकीची पोरं टोप्या उडवायची आणि ही विचारत बसायची, की अंधारात या एकमेकींवर आपटत का नाहीत? गुरुजींनी सांगितलं, देवाची करणी आणि नारळात पाणी. इतरांचं तेवढ्यावर भागलं, हिचं भागलं नाही.

मग गोंदिया, नागपूर, हैदराबाद असं शिकत शिकत बाई डॉक्टर झाली, गोळ्या न देणारी. तिने मला समजावलंय ते असं. पाकोळी उडताना बारीक आवाज काढत राहते, तो समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो, आणि त्यावरून तिला कळतं की पुढे फांदी आहे की किडा. आपल्या कानाला तो आवाज ऐकू येत नाही. म्हणून रश्मी झाडाला एक छोटं यंत्र टांगून ठेवते, ते टिपून घेतं. प्रत्येक जातीचा आवाज वेगळा, जसा प्रत्येक सासूचा.

एवढं शिकून नोकरी मात्र प्रकल्पावरची. सहा महिने इथे, वर्षभर तिथे, प्रकल्प संपला की घरी. नवरा, म्हणजे माझा दीर नीलेश, मुखदुर्बळ. तो काही बोलत नाही. घरात बोलायचं काम माझ्याकडे आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर ती आमच्या गावी, मुर्रीला, घरी होती, बिनकामाची. बिनकामाची रश्मी म्हणजे घराला ताप. तिने आमच्या धानाच्या गोदामामागच्या आंब्याला यंत्र टांगलं, आणि त्यात एक आवाज सापडला. एकाच सुरातला, तुटक तुटक, आपल्याकडच्या कुठल्याच पाकोळीशी न जुळणारा. हैदराबादचे तिचे सर फोनवर म्हणाले, नवीन जात असू शकते. त्याच सुमारास नागपूरच्या एका संस्थेत कायमची जागा निघाली. सरांनी स्पष्ट सांगितलं, हा शोध घेऊन जा, जागा तुझीच.

आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. हिला मात्र चैन नाही. जाळं लावलं तर ती पाकोळी सापडेना. शिवाय ओळखीच्या पाकोळ्या सगळ्या अंगणभर फिरत, फक्त गोदामाच्या आंब्याकडच्या कोपऱ्याकडे फिरकत नसत. ती दिवसभर आत-बाहेर करायची. मी म्हटलं, "येवढा चांगला शोध लागला, आता कायले जीव जाळून राहिली?"

"दीदी, आवाज फारच एकसारखा हाये. जिवंत प्राणी असा नाही बोलत."

तिने सासूबाईंनाही विचारलं, मी तिथेच होते. "माय, गोदामात कोनती मशीन चालू राहते का?"

"मशीन? नाही बा. मशीन तं चौकात हाये, श्यामलालची."

सासूबाई खोटं बोलल्या नाहीत. आमच्या गावात मशीन म्हणजे धान भरडायची. ती सुरू झाली की शेजारचं बोलणं ऐकू येत नाही. रश्मी चिचगडची, तिलाही हे कळायला हवं होतं. पण हैदराबादला राहून मशीन म्हणजे काहीही, अशी तिची सवय झालेली.

मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात ती दिवेलागणीला आंब्याखाली यंत्र घेऊन बसली होती. लाइट गेली. सगळ्या आळीत अंधार झाला आणि तो आवाज बंद पडला. लाइट आली, आवाज आला. रश्मी उठली नाही. मी पहिल्यांदा तिला इतका वेळ एका जागी बसलेलं पाहिलं आणि मला भीती वाटली.

मग ती गोदामात गेली. पोत्यांच्या थप्पीमागे बोर्डाला साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी लावलेली होती, लाल दिवा लुकलुकत होता. आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजाने उंदीर पळवायची. सासूबाईंनी गोंदियाच्या बाजारातून आणलेली.

"माय, मी विचारलं होतं ना तुमाले."

"तू मशीन विचारली," सासूबाई म्हणाल्या. "हे तं मुकी हाये. ईचा आवाज कोनाले येते?"

मला हसू आलं, मग रश्मीचं तोंड पाहून आवरलं. सासूबाईंनी डबी उपटून काढली आणि ती हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

त्या रात्री मी तिला सरळ सांगितलं, "गप राह. आधी नोकरी घे, मंग पुढचं पाहू. सरालेही सांगू नको." माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पोट भरल्यावर खरेपणा सुचावा, अशी माझी समजूत आहे. नीलेश एवढंच म्हणाला, "तुले जसं वाटते तसं कर." याला मदत म्हणत नाहीत.

नागपूरला मीच सोबत गेले. दोन वाजता ती बाहेर आली. काय झालं ते गाडीत सांगेना. मी विचारलं की खिडकीची काच वर करायची, खाली करायची. परतताना कोहमाऱ्याला ढाब्यावर थांबलो, तेव्हा तोंड उघडलं.

तिने आत गेल्या गेल्या तो आवाज ऐकवला आणि सांगितलं, ही पाकोळी नाही, आमच्या गोदामातली उंदीर पळवायची डबी आहे. समोरचे कागद चाळू लागले. मग त्यातल्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "तुम्ही बोलला नसता तर हे कोणाला कळलं असतं?"

"मंग? तू काय म्हनलं?" मी विचारलं.

"म्हनलं, पाकोळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, सर. तिकडे त्या फिरकतच नव्हत्या. मीच उशिरा ऐकलं."

"त्यावर?"

"धन्यवाद म्हनले. पुढच्याले बोलावलं."

मला त्या साहेबांचा राग आला, हिचा त्याहून जास्त आला. जागा गेली हे आम्हा दोघींनाही कळलं होतं. मी म्हटलं, "आता?"

"चिचगडकडं सहा महिन्यांचं काम हाये. पाकोळ्यांच्या मोजनीचं." ती रोटीचा तुकडा मोडत होती, खात नव्हती. "दीदी, मले ते जागा पाह्यजे होती. खूप पाह्यजे होती."

आणि ती रडायला लागली, ट्रकवाले बघत असताना, मोठ्याने. मी ताट बाजूला सारलं आणि उठून तिच्या बाकावर जाऊन बसले.