मनोरमाबाईंचं वाऱ्याचं पुस्तक

मनोरमाबाई खांबेटे यांची आणि माझी ओळख भांडणानं झाली, हे आधीच सांगून टाकतो. लेख आदरपूर्वक असावा, असं बाईंच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला बजावलं आहे. आदर माझ्याकडे पोत्यानं आहे. पण खोटं काही लिहिलं तर बाई स्वतःच तांबड्या शाईनं खोडतील, म्हणून घडलं तसंच लिहितो.

मी अंबरनाथच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर. शिवमंदिराच्या वाटेवर माझं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. एका रविवारी सकाळी ओसरीवर दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण, हातात वस्तरा, आणि समोर नऊवारी नेसलेल्या, पन्नाशीला आलेल्या एक बाई येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्हीच ना ते ड्रॉइंगमास्तर? तुम्हांला वारा काढता येतो का?"

मी वैतागून म्हटलं, "वारा दिसत नाही, बाई. जे दिसत नाही ते मी काढत नाही."

"वाऱ्यानं काय काय होतं ते तर दिसतं? ते काढा."

"आधी माझी दाढी होऊ द्या!"

"होऊ द्या की. मी बसते," असं म्हणून त्या खरोखरच बसल्या. माझी पत्नी आतून हसतेय हे मला ऐकू येत होतं.

बाईंचे यजमान इथल्या कारखान्यात हेडक्लार्क. घरी बसून लोणची घालायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं. पण शेजारच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून उठून आलेली हजारो माणसं राहायला आली, त्या वस्तीला उल्हासनगर असं नवं नाव पडलं, आणि बाई तिथल्या एका शाळेत मुलांना मराठी शिकवायला जाऊ लागल्या. अंबरनाथहून रोज चालत. तिथली मुलं त्यांना 'दादी' म्हणत. सिंधीत दादी म्हणजे थोरली बहीण, हे कळेपर्यंत बाई जरा घुश्शातच होत्या, असं त्यांचे यजमान सांगतात.

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर एक मोठं वादळ झालं आणि बराकींचे पत्रे कागदासारखे उडाले. बाईंच्या वर्गातल्या मोहिनीच्या घरावरचा पत्रा तिच्या डोळ्यांदेखत निघाला आणि जाता जाता आजीच्या खांद्याला लागला. मोहिनी आठ वर्षांची. त्या दिवसापासून ती छपराखाली यायला तयार होईना. रात्री आई तिला झोपेत उचलून आत न्यायची. दिवसा शाळेच्या दाराबाहेर उन्हात बसून ती पाढे म्हणायची. तिची आई बाईंना म्हणाली, "बाई, उधर का घर गया, इधर का छप्पर गया. अब ये बोलती है, मेरे को छप्परच नहीं मंगता."

उन्हाळाभर हे चालण्यासारखं होतं. पण पाऊस लागला की दाराबाहेर बसणार कशी? शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या चिटणीसांनी सांगून ठेवलं होतं, की जूनपर्यंत मुलगी आत आली नाही तर पटावरून नाव काढावं लागेल. मुलगी हुशार. नाव गेलं की ती घरी बसणार आणि पुन्हा काही शाळेचं तोंड पाहणार नाही, हे बाईंना स्वच्छ दिसत होतं. म्हणून त्यांना वाऱ्याचं पुस्तक हवं होतं आणि म्हणून माझ्या दाढीचा खोळंबा झाला होता.

पुस्तकात अक्षर एकही नको, असं बाईंनी ठरवलं होतं. छावणीतली मुलं घरी सिंधी शिकत ती उजवीकडून डावीकडे, शाळेत मराठी ती डावीकडून उजवीकडे, आणि ज्या आयांना पुस्तक दाखवायचं त्यांतल्या कितीकांना दोन्ही येत नव्हतं. चित्रांपाशी कुणी अडत नाही, असं बाई म्हणत. मला हे पटलं. पण पटलं असं मी लगेच बोललो नाही.

पहिलं चित्र मी मोठ्या हौसेनं काढलं. कौलारू घर, अंगणात तुळस, मागे वाकलेल्या माडांची रांग. शनिवारी सायकल मारत छावणीत गेलो आणि मुलांपुढे ते धरलं. एक पोरगं म्हणालं, "मास्तरजी, ये किस सेठ का बंगला है?" सगळा वर्ग खो खो हसला. बाईसुद्धा हसल्या, त्याचा मला जास्त राग आला. पुढचे चार शनिवार मी बराकींसमोर स्टूल टाकून बसलो. पत्रे, पडदे लावून पाडलेल्या खोल्या, नळावरची बादल्यांची रांग, सगळं रेखाटून घेतलं.

मग वादळाचं पान आलं. त्यात आईला बिलगून रडणारी एक मुलगी मी काढली. चित्र चांगलं उतरलं होतं, आजही मी तेच म्हणेन. बाईंनी ते हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि परत दिलं.

"सुरेख आहे. पण हिच्या हाताला काम द्या."

"अहो बाई, वादळ चाललंय! ती रडणार नाही तर काय करणार?"

"रडू दे ना. रडता रडता धाकट्या भावाला हाताशी धरू दे, पत्र्यापासून लांब, आतल्या भिंतीशी नेऊन बसवू दे. वर्गात मी विचारलं, तर प्रत्येक पोरानं वादळात काही ना काही केलं होतं. कुणी कोंबडी टोपलीखाली झाकली, कुणी आजोबांचा चष्मा धरून बसलं. तुम्ही मात्र सगळ्यांना नुसतं रडवताय."

मी चडफडत घरी आलो आणि पान नव्यानं काढलं. वादळाला थोडी पानं आणि वादळानंतरच्या कामाला दुप्पट, हा त्यांचा दुसरा हट्ट. माणसं मोजायची, पत्रे गोळा करायचे, शेजारणीची चूल आधी पेटवून द्यायची. आता वाटतं, पुस्तकाचा जीव त्याच पानांत आहे.

याच सुमारास मला कावीळ झाली. बाई रोज संध्याकाळी छावणीतून परतताना आमच्याकडे डोकावत. डब्यात मऊ भात आणि ताक, आणि डब्याखाली दुरुस्तीला आलेली चित्रं. पत्नी म्हणायची, "हा डबा आहे की हप्ता?" पण मला अंथरुणावर कुढत पडू दिलं नाही ते याच बाईंनी. माझ्याही हाताला त्यांनी कामच दिलं होतं.

चैत्रात पुस्तक तयार झालं. पुठ्ठ्यावर चिकटवलेली चित्रं, कडेला सुतळीची शिवण. मोहिनीला ते दाराबाहेर पिंपळाखाली बसून दाखवायचं ठरलं. मी मुद्दाम गेलो होतो. तिनं एकेक पान सावकाश पाहिलं. धाकट्या भावाच्या पानावर थांबली, किंचित हसली. मी मनात म्हटलं, जिंकलं! आणि शेवटच्या पानावर, जिथे नवे पत्रे घालून सगळे आत जेवायला बसले आहेत, तिथे तिनं छपरावर बोट ठेवलं.

"दादी, ये किससे पकडा है?"

मी पत्रे काढले होते, पत्र्यांवरच्या सावल्या काढल्या होत्या. पण पत्रा कशानं धरलेला असतो, ते माझ्या चित्रात नव्हतं.

दुसरा कुणी असता तर "देवानं धरलंय, बाळ" म्हणून मोकळा झाला असता. बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही. बघून सांगते." त्यांनी शेजारच्या बराकीतून शिडी मागवली, कासोटा घट्ट केला आणि मी "अहो, अहो" करतो आहे तोवर शाळेच्या छपराशी पोचल्या. खाली चिटणीस, मास्तर, पोरं, आया, सगळा गाव जमला. बाई वरून एकेक पत्रा हलवून पाहत होत्या. पुष्कळसे पत्रे नुसते दगड ठेवून दाबलेले होते. पत्र्यांना वाशाशी धरून ठेवणारे लोखंडी आकडे वादळात तुटले, ते कुणी परत बसवलेच नव्हते.

खाली आल्यावर बाई आधी मोहिनीजवळ गेल्या. तिच्यासमोर उकिडव्या बसून म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे. कशानंच धरलेलं नाही. आमचंच चुकलं." इतके महिने आम्ही सगळे त्या पोरीची भीती घालवायला निघालो होतो, आणि तिची भीती खरी होती.

चिटणीस माणूस वाईट नव्हता. ते समजुतीनं म्हणाले, "बाई, आकडे पावसाळ्यानंतर बसवू. तोवर तुम्ही पुस्तकात एक आकडा काढून टाका. पोरांची समजूत पटली म्हणजे झालं."

बाईंचा आवाज चढलेला मी त्या दिवशी प्रथम ऐकला. "वर नाही ते पुस्तकात येणार नाही! आधी छप्पर, मग चित्र. आणि तोवर मोहिनी एकटी बाहेर बसणार नाही. आम्ही सगळेच बाहेर बसू."

दुसऱ्या दिवसापासून बाईंचा अख्खा वर्ग पिंपळाखाली भरू लागला. मग शेजारचा वर्ग आला, मग त्याच्या पलीकडचा. आया दुपारची कामं उरकून पोरांच्या मागे चटया टाकून बसू लागल्या. मोहिनीची आई सर्वांना पाणी द्यायची. वैशाखाचं ऊन, धुळीचे लोट, आणि त्यात बाईंचा खणखणीत आवाज. चिटणीस रोज येऊन, बघून, कपाळाचा घाम पुसत परत जात. शेवटी एका सकाळी ते आले ते मिस्त्रीला आणि आकड्यांच्या पोत्याला घेऊनच. बाईंनी त्यांना ताक दिलं आणि मिस्त्रीला सांगितलं, की प्रत्येक आकडा बसवताना मोहिनीला खालून दिसला पाहिजे.

मी तिथेच बसून नवं पान काढलं. पत्रा, वासा, त्याला मिठी मारणारा आकडा आणि वर घट्ट आवळलेला नट. माझ्या हातून उतरलेलं हे सगळ्यात रुक्ष चित्र, आणि मुलांच्या बोटांनी सगळ्यात आधी मळलं ते हेच पान.

तरीही मोहिनी आत आली ती फक्त उंबऱ्यापर्यंत. बाईंनी तिला ओढलं नाही. "तुझं तू ठरव," एवढंच म्हणाल्या. सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाली, आणि एका दुपारी वळवाचं वारं सुटलं. मीही त्या दिवशी बाईंच्या वर्गातच होतो. दारं आपटली, धुळीनं अंधारून आलं आणि डोक्यावर पत्रे धडधडू लागले. पहिलीतलं एक पोर किंचाळून बाहेर, उघड्यावर पळालं. मोहिनी उंबऱ्यावरून उठली. मला वाटलं, गेली ही मैदानात. ती गेली, पण त्या पोराच्या मागे. त्याचं मनगट धरलं, ओढत उंबरा ओलांडून आत आणलं, आतल्या भिंतीशी बसवलं आणि स्वतः त्याला खेटून बसली. वर पाहत होती. पोराचं मनगट सोडत नव्हती. वारं पडेपर्यंत ती हलली नाही, आणि बाई पदरानं डोळे पुसत फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

पुढे कल्याणच्या एका छापखान्यानं ते पुस्तक छापलं. आता बाईंनी उल्हास नदीच्या पुराचं पुस्तक हाती घेतलं आहे. बदलापूर, वांगणीकडच्या पाड्यांवर त्या जातात, मुलांना विचारतात, आणि पाणी कुठवर चढतं ते स्वतः पाहिल्याशिवाय मला पेन्सिल लावू देत नाहीत. त्या पाड्यांवर पुराच्या वेळी जायला उंचावर पक्की जागा नाही. ती होईपर्यंत शेवटचं पान कोरं राहणार, असं त्यांनी संबंधितांना कळवलं आहे. संबंधित मंडळी आत्तापासूनच घाम पुसू लागली असतील.

बाईंना यंदा साठ वर्षं पूर्ण झाली. मोहिनी आता मास्तरकीचं शिक्षण घेते आणि माझ्याहून शुद्ध मराठी बोलते. लेखाच्या शेवटी बाईंसाठी काय मागू, असं मी तिला विचारलं. तिनं क्षणभरही विचार केला नाही. "लिहा, दादींनी अजून खूप खूप वर्षं सगळ्यांना असाच त्रास द्यावा."

त्यासाठी लागेल तेवढं आयुष्य आणि तेवढी धडधाकट तब्येत परमेश्वरानं मनोरमाबाईंना द्यावी, आणि त्या त्रासातला माझा वाटा मला मिळत राहावा.