पिकअपचा खांदा

बाबांच्या पिकअपसाठी हुक आणि ओढायचा पट्टा घ्यायला आम्ही कामठी रोडला गेलो होतो. तो दिवस आठवला की मला वाटतं, आपण तेव्हा अर्धवट झोपेत होतो. श्रावण सरत आला होता. ऊन पडत नव्हतं आणि पाऊसही येत नव्हता, नुसता मऊ, राखाडी उजेड होता. ट्रकच्या सामानाच्या त्या दुकानात छताला पिवळे, निळे, नारिंगी पट्टे टांगलेले होते आणि पंख्याच्या वाऱ्याने ते हळूहळू डोलत होते. बाबा त्यांच्याखाली मान वर करून उभे राहिले. पोळ्याच्या आधी बाजारात ते बैलांसाठी नवे कासरे असेच बघायचे, हे मला एकदम आठवलं आणि मी गप्प राहिले. माझं गप्प राहणं हीही बातमीच होती.

बाबा खाप्याच्या पलीकडे शेतातल्या घरात एकटेच राहतात. आई गेली, त्यानंतर वर्षभराने त्यांनी बैलजोडी विकली आणि जुनी पिकअप घेतली. वांगी, संत्री, जे निघेल ते तिच्यातून बाजारात नेतात. शेतातून डांबरी रस्त्याला लागायचं तर पांदणीतून यावं लागतं. दोन्ही बाजूंना धुरे, म्हणजे शेतांचे बांध, आणि मधे काळी माती. उन्हाळ्यात ती दगडासारखी असते, पावसात मात्र गाडी गिळते. त्या वर्षी आषाढात तिने बाबांची पिकअप गिळली. फोनला रेंज नाही, माणूस फिरकायला नाही. बाबा सकाळपासून सायंकाळपर्यंत केबिनमध्ये बसून होते. शेवटी शेजारच्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणला, साखळी पुढच्या बंपरला अडकवली आणि झटका दिला. बंपर निघून आला, गाडी तिथेच. ती दुसऱ्या दिवशी निघाली.

"मस्त झोप झाली वं माही," बाबा मला फोनवर सांगत होते. "पाऊस टपावर वाजत होता, मी पाय पसरून."

मला हसू आलं नाही. मी तिकडे शहरात, बेसाला राहते, आणि त्या रात्री मला सारखी ती बंद काचांची गाडीच दिसत होती. छातीत दुखलं असतं तर? साप आला असता तर? मला भीती वाटत होती, आणि माझी भीती नेहमी रागाचे कपडे घालून बाहेर येते. मी आमच्या घरातली मागची खोली रिकामी केली, पलंग टाकला, पडदे लावले आणि बाबांना बजावलं, आता इकडे या. ते नाही म्हणाले. मी भांडले. ते ऐकून घेतात आणि शेवटी आपल्या मनाचंच करतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. शेवटी तोड निघाली. गाडीला नीट हुक बसवायचे, नीट पट्टा घ्यायचा, आणि पोळ्याला मी येईन तेव्हा फसलेली गाडी माझ्यासमोर व्यवस्थित काढून दाखवायची. जमलं तर मी बेसाचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर पोळा झाला की सामान बांधायचं.

"बैल गेला अन् झोपा केला," दुकानाची पायरी चढताना बाबा म्हणाले. मी त्यांना डोळ्यांनीच दटावलं.

दुकानदार तरुण होता, बोलका होता. बाबांनी त्याला पहिलाच प्रश्न विचारला, "पिकअपचा खांदा कुठी असते गा?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी सांगितलं, बैलाच्या खांद्यावर जू असतं, सगळा भार तिथे येतो, तसं गाडीचं काय ते विचारताहेत. तो हसला आणि आम्हाला बाहेर घेऊन गेला. तिथे एक पिकअप उभी होती. त्याने बाबांना वाकायला लावलं आणि खालचा जाड लोखंडी सांगाडा दाखवला. "हा चेसिस, काका. हुक इथंच बसवायचा, चार जाड बोल्टांनी. बंपर तर फक्त शोभेले असते."

"म्हंजे शिंगं," बाबा म्हणाले. "शिंगाले बांधून कोणी बैल ओढते काय? आमचा तो ट्रॅक्टरवाला येडाच हाय."

हुक निवडताना आमचं पहिल्यांदा बिनसलं. मला चकचकीत लाल हुक आवडला होता. बाबांनी तो हातात घेतला, उलटा केला, वजन पाहिलं आणि परत ठेवला. मग एक काळा, जाडजूड, दिसायला अगदी खडबडीत हुक उचलला आणि त्याच्या तोंडात बोट घालून पाहिलं. पट्टा निसटू नये म्हणून तिथे स्प्रिंगची जीभ होती, ती बोटाला चावल्यासारखी बसली. "हे सोडत नाही," ते समाधानाने म्हणाले. पुढे एक आणि मागे एक, असे दोन घेतले.

पट्ट्यावरून दुसरी लढाई झाली. बाबांना साखळी हवी होती, लोखंडाची. पट्टा म्हणजे बायकांच्या पर्सचा बंद, असं त्यांचं मत पडलं. दुकानदाराने समजावलं की साखळी झटका देते, आणि तुटली तर सापासारखी उलटते. त्याने नारिंगी नायलॉनच्या पट्ट्याचं एक टोक दुकानाच्या खांबाला अडकवलं आणि दुसरं बाबांच्या हातात दिलं. "ओढा, काका. सगळा जोर लावून ओढा."

बाबांनी मागे रेलून ओढलं. पट्टा थोडा लांबला, क्षणभर थांबला, आणि मग त्याने बाबांना हळूच आपल्याकडे घेतलं. बाबा एक पाऊल पुढे आले. त्यांनी पुन्हा ओढलं, पुन्हा पुढे आले. वर ते रंगीत पट्टे डोलत होते, खाली माझे सत्तरीचे बाबा एका खांबाशी खेळत होते, आणि रस्त्यावरच्या ट्रकांचे आवाज कुठल्या कुठे गेले होते. असं किती वेळ चाललं, मला सांगता येणार नाही.

"हे आधी दम धरते, मंग ओढते," ते म्हणाले. "आपला डावा बैल असाच होता. झटका देत नव्हता कधी."

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवत होते. बाबा पट्टा मांडीवर घेऊन झोपले. कन्हानच्या पुलावर पाणी रुंद, गढूळ आणि शांत होतं. मला वाटलं, असंच जात राहावं, पूल संपूच नये. बाबा शेजारी असताना मला त्यांची काळजी वाटत नाही, एवढी साधी गोष्ट मला त्या पुलावर कळली.

पुढच्या रविवारी मी शेतात गेले तेव्हा हुक बसले होते. पट्टा घराच्या भिंतीवर, कासऱ्याच्या रिकाम्या खुंटीला टांगलेला होता. दोन्ही टोकांना लाल गोंडे बांधले होते. तिथपर्यंत ठीक होतं. पण पट्ट्याच्या मधोमध एक भलीमोठी गाठ मारलेली होती.

"लंबा होत होता," बाबा म्हणाले. "म्हून आखूड केला."

माझा पारा चढला. दुकानदाराने दोनदा सांगितलं होतं की या पट्ट्याला गाठ चालत नाही, जोर आला की तो गाठीपाशीच तुटतो. बाबा म्हणाले, "गाठीबिगर दोरी असते काय?" त्यांनी सगळा जन्म दोरीला गाठी मारल्या आणि एकही कधी सुटली नाही. ही गाठही सुटेना. आम्ही दोघं ओट्यावर बसून दुपारभर स्क्रू-ड्रायव्हरने ती उकलत होतो. "हेच," मी म्हणत होते, "हेच म्हणून राहिले मी. एकटे असता तुमी, अन् असं काहीतरी करून बसता." कौतुक करताना मी चार शब्द मोजून काढते, पण रागवायला लागले की माझी गाडी थांबत नाही.

गाठ सुटल्यावर बाबांनी पट्टा सरळ केला, त्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "बेसाच्या खोलीले खिडकी हाय काय वं?"

"दोन आहेत," मी म्हटलं.

"बरं हाय मंग."

मी जिंकत आले होते. आनंद व्हायला हवा होता, पण घरी आल्यावर मी त्या मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी निघाले, तेव्हा पाऊस थांबला होता आणि पांदणीच्या दोन्ही बाजूंना गवत कमरेएवढं झालं होतं. वरून रस्ता सुकलेला दिसत होता. वरून तर मीही शहाणी दिसते. अर्ध्या वाटेत माझी छोटी कार डाव्या बाजूने बसली, आणि मी जितका जोर दिला तितकी आणखी खाली गेली. उतरून ढकलून पाहिलं. चप्पल चिखलात राहिली, पाय बाहेर आला. मग मी आत बसले आणि हॉर्न वाजवत राहिले. प्रत्येक वेळी धुऱ्यावरचे बगळे उडायचे आणि पुन्हा येऊन बसायचे.

बाबांची पिकअप समोरून आली आणि थोड्या अंतरावर, मुरमाच्या कडक जागेवर थांबली. ते उतरले. माझा अवतार पाहिला, पण हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. त्यांनी माझ्या कारभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "तुह्या गाडीचा खांदा कुठी हाय?"

मला माहीत नव्हतं. बाबांच्या गाडीसाठी मी दुकान पालथं घातलं होतं आणि स्वतःच्या गाडीला ओढायचं कुठून, हे कधी पाहिलंच नव्हतं. शेवटी गाडीबरोबरचं पुस्तक उघडलं. स्टेपनीच्या खाली एक लोखंडी कडी होती, ती बंपरमधलं छोटं झाकण काढून आत पिळून बसवायची होती. बाबांनी ती बसवली, हलवून पाहिली, पुन्हा पिळली. मग पट्टा उलगडला. त्याला एकही गाठ नव्हती. एक टोक माझ्या कडीला, दुसरं त्यांच्या काळ्या हुकाला. मधे पट्ट्यावर ओलं पोतं टाकलं, तुटला तर उडू नये म्हणून. हे सगळं दुकानदाराने सांगितलेलं होतं. मला वाटत होतं, त्यांनी काही ऐकलंच नाही.

"शिटात बस. चाक सरळ ठेव. अन् घाबरू नको."

दोन्ही गाड्यांची तोंडं एकमेकींकडे होती. माझ्या काचेतून मला त्यांची काच दिसत होती आणि काचेमागे त्यांचा चेहरा. त्यांनी मान हलवली आणि पिकअप हळूहळू मागे घेतली. पट्टा उचलला गेला, ताणला, लांबला. मग काहीच झालं नाही. त्या क्षणात बगळे होते, गवत होतं, समोर बाबा होते आणि आमच्यामध्ये लाल गोंड्यांचा तो नारिंगी पट्टा दम धरून होता. मग गाडी उचलली गेल्यासारखी पुढे सरकली आणि चिखलातून अलगद बाहेर आली. कुठे झटका बसला नाही.

घरी पोचल्यावर बाबांनी पट्टा धुतला, सावलीत वाळत टाकला आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात वाटी होती. तुपात कालवलेली हळद. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात, वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळतात आणि उद्याचं जेवणाचं आमंत्रण देतात. जोडी विकल्यापासून ही वाटी मी पाहिली नव्हती. बाबा पिकअपपुढे वाकले आणि त्या काळ्या हुकाला बोटांनी हळद चोळली. "आज आवतन घे, उद्या जेवाले ये," म्हणाले. मग मागच्या हुकालाही.

मी ओट्यावर बसून माझा खांदा दाबत होते. गाडी ढकलून तो भरून आला होता. बाबा माझ्यापाशी आले आणि थांबले. वाटीत थोडं उरलं होतं.

"पुढं हो," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्या कुडत्याची कड सारून दुखऱ्या खांद्यावर हळद-तूप चोळलं. त्यांची बोटं खरखरीत होती आणि तूप कोमट होतं. "लय भार घेऊन फिरतं वं तू. आज आवतन घे, उद्या जेवाले ये. उद्या खांद्यावर जू नाही."

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. त्यांना न्यायला मी आले होते, आणि आमंत्रण मलाच मिळालं होतं. बेसाचं मी नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी जेवायला थांबले. पुरणपोळीचा पहिला घास बाबांनी पिकअपच्या टपावर ठेवला, आणि दुसरा माझ्या ताटात.