कवीच्या बायकोची उत्तरं

सून गॅरेजमध्ये जॅकेट घालून चकल्या तळत होती. घरात तळलं की वास महिनाभर कोटांतून जात नाही, म्हणून इकडे परदेशात आम्ही सगळ्याजणी गॅरेजमध्येच तळतो. गार हवेत तापल्या तेलाचा वास आला आणि मला रिचमंड हिलचं आमचं जुनं घर आठवलं.

तेव्हा मीही अशीच कुडकुडत तळत होते. खाली बेसमेंटमध्ये ह्यांनी मित्र जमवले होते. एका मोठ्या अमेरिकन कवीने बायकोला लिहिलेली पत्रं हे वाचून दाखवत होते. मी ताट घेऊन गेले तेव्हा कवी परगावाहून कळवत होता, की तुझ्याशिवाय करमत नाही. वर्षभर घरी मात्र फिरकला नव्हता. मंडळी हळहळत होती.

मी विचारलं, "आणि तिची उत्तरं?"

"ती पुस्तकात नाहीत. त्याने जपलीच नाहीत," हे पान उलटत म्हणाले. "काय हळवा माणूस! अगं, चकल्या संपल्या. अजून आण, गरम."

हळवा म्हणे! तिने त्याचा कागदन्‌कागद जपला, म्हणून तर हे पुस्तक निघालं. त्या कवीवर दातओठ खात मी परत गॅरेजमध्ये गेले. आज वाटतं, राग भलत्याच माणसावर काढला.

"झाल्या का गं? गरमच आण!" आतून मुलाने सुनेला हाक मारली. थेट बापाचा सूर.

मी सुनेच्या हातातला झारा काढून घेतला आणि आत मुलाला ओरडून म्हटलं, "जॅकेट चढव आणि बाहेर ये. झारा घेऊन उभी आहे मी."