कंधारच्या खोलीत लातूरहून गारवा

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, या उन्हाळ्यात एकच गोष्ट हवी होती. आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, नैवेद्याला आईच्या झाडाच्या आंब्यांचा रस. आई गेल्या पावसाळ्यात गेली, त्यामुळं ही तिची पहिली आखिती, आणि परसातला तो गावरान आंबा तिनंच कोय पुरून वाढवलेला. बाजारचा आंबा अण्णांना चालणार नव्हता. पितरांना दाखवल्याशिवाय आमच्यात कुणी आंबा तोंडात घालत नाही, त्यामुळं अण्णा रोज झाडाखाली उभे राहून नुसते वर बघायचे.

मला मात्र वेगळीच घाई. मला अण्णांना गार करायचं होतं.

मी लातूरला नोकरी करते, अण्णा कंधारला एकटे राहतात. आखितीला पंधरा दिवस राहिले होते तेव्हा मी रजा काढून गेले आणि त्यांच्या खोलीत एसी बसवून घेतला. ते ‘नको’ म्हणाले. नको म्हणायची त्यांना सवयच आहे, असं मी परस्पर ठरवून टाकलं. मग आमची जुंपली. मी एसी लावायचा, त्यांनी बंद करायचा. मी चहा ठेवायला गेले की बंद, अंघोळीला गेले की बंद. रिमोट त्यांच्या उशीखाली. पण मीही त्यांचीच लेक. निघताना रिमोट गुपचूप पर्समध्ये टाकला आणि लातूरची बस धरली. घरातल्या वायफायला जोडलेला हा एसी फोनवरून कुठूनही चालतो हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं.

घरी पोचून साळसूदपणे फोन केला. “अण्णा, रिमोट चुकून माझ्याकडं आलाय. पण काळजी करू नका, एक वाजला की एसी आपोआप लागतो.”

“बरं,” अण्णा म्हणाले.

त्या ‘बरं’वर मी विश्वास ठेवला, तिथंच फसले. अण्णांनी एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केली. घंटी दिल्याशिवाय गाडी हलत नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. रिमोट नाही म्हणजे मशीन बंद, विषय संपला.

मी रोज ऑफिसात डबा खाऊन झाला की फोन काढायचे आणि चोवीसवर एसी लावायचे, तो थेट रात्री बंद करायचे. फोनवर खोलीचा आकडा हळूहळू उतरताना दिसायचा. शेजारच्या टेबलावरच्या बायकांना मी तो मिरवून दाखवायचे. एकीनं अगदी गंभीरपणे विचारलं, “आमच्या सासूबाईंच्या खोलीत असा सोळावर लावून ठेवता येईल का गं?”

चार वाजता अण्णांना फोन. “झोपलात का खोलीत?”

“झोपलो की.”

“गार होतं का?”

“लई गार.”

“पांघरूण घेतलं होतं ना?”

“घेतलं, माय, घेतलं.”

एका दमात तीन थापा. मी मात्र स्वतःवर खूश. बापाला वळण लावलं म्हणून घरात सांगत फिरत होते.

तिकडं काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. मी परतल्यावर चारच दिवसांत झाडाला पाड लागला, एकदोन आंबे झाडावरच पिकले. अण्णांनी आंबे उतरवून घेतले आणि माच घातला, म्हणजे वाळल्या गवताच्या थरांत आंबे पिकायला ठेवले. माचाला उबदार, कोंदट जागा लागते. एसीसाठी जिच्या खिडकीच्या फटीसुद्धा मी बुजवून घेतल्या होत्या, ती खोली घरात सगळ्यात कोंदट. अण्णांनी माच तिथंच घातला आणि दाराला कडी लावली. माच सारखा उघडून बघितला की नजर लागते, हा आईचा नियम. तो त्यांनी कसोशीनं पाळला. स्वतः मी गेल्यापासूनच वसरीत, म्हणजे ओसरीवर, खाट टाकून पंख्याखाली झोपायचे. एसीचा बाहेरचा डबा गच्चीवर, आणि इंजिनाच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळं अण्णांना तसंही कमी ऐकू येतं. म्हणजे मी दहा दिवस आंब्यांना गार वाऱ्यात झोपवत होते. पांघरुणाची थाप तेवढी खरी निघाली.

आखितीच्या आदल्या दिवशी मी निघाले. पोचल्यावर बरं वाटावं म्हणून बसमधूनच एसी लावला. अण्णा वाटच बघत होते. “ये, माच दाखवतो,” म्हणून त्यांनी ऐटीत कडी काढली आणि आतून गारेगार वारा आमच्या अंगावर आला. अण्णा जागच्या जागी थांबले. मग वाकून त्यांनी गवत बाजूला केलं, एक आंबा दाबून बघितला, दुसरा बघितला. सगळे हिरवेगार, दगड.

“अण्णा, मीच लावत होते,” मी म्हणाले. “फोनवरून. रोज.”

“लातूरहून?”

“हाव.”

ते तसेच कॉटवर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. मला तोंड कुठं लपवावं कळेना. नांदेडला जाऊन पिकलेले आंबे आणते असं मी म्हणाले, तर त्यांनी फक्त नकारार्थी मान हलवली. आईला वर्षातून एकदा जेवू घालायचं, त्यातही मी माझं शहाणपण घातलं होतं.

सकाळी मी पुरण वाटत होते. अण्णा त्यातलाच एक आंबा घेऊन विळीवर बसले. फोडी केल्या, मीठतिखट लावलं आणि पुरणपोळीशेजारी पानावर ठेवल्या.

“नैवेद्याला कैरी, अण्णा?”

“रस ती माझ्यासाठी करायची,” ते म्हणाले. “वाटी माझ्यापुढं ठिवायची अन् आपण चुलीपाशी बसून कैरीची फोड खायची. रस खाताना तिला म्या कधी बघितलं न्हाई.”

“म्हणजे तिला रस आवडत नव्हता?”

“काय माहीत. म्या कधी इचारलंच न्हाई.”

त्यांनी विळी बाजूला सारली. मला रडू आलं. डोळे पुसून मी फोन काढला, कालपासून तसाच चालू राहिलेला एसी त्यातून बंद केला आणि फोन बाजूला ठेवला.

“अण्णा, तुम्हाला दुपारचं कुठं झोपायला आवडतं?”

“वसरीत,” ते म्हणाले. “येणारेजाणारे हाका मारतेत.”