पडणाऱ्याचा चेहरा

माझं माहेर धानोऱ्याचं. लग्न होऊन मी ब्राह्मणपुरीला आले, तेव्हा घरच्यांना जावयाबद्दल एवढंच ठाऊक होतं की मुलगा काही वर्षं मुंबईला कामाला होता, आता परत येऊन शेती बघतो. कसलं काम, ते कुणी विचारलं नाही. मुंबई म्हणजे गिरणी, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

यांचा उजवा हात कानाच्या वर जात नसे. सदरा घालताना आधी उजवी बाही, मग मान वाकवून डावी. पहिल्या वर्षी कापूस वेचताना मी एकदा विचारलं, "हात काय व्हयना तुमना?"

"घोडावरथीन पडनू."

"आपल्याच घोडावरथीन?"

"नही. हिरोना जागावर पडनू."

मला काही कळेना. मग वेचता वेचता, माझ्याकडे न बघता, त्यांनी सांगितलं. मुंबईला ते मारामारीच्या सिनेमांत होते. घरी लहानपणापासून घोडी होती, त्यामुळे बसायला पक्के. हिरो घोड्यावर चढला, की पुढची दौड यांची. हिरो माडीवरून उडी मारायचा म्हणजे हे मारायचे. बुरखा, टोपी, कपडे सारखेच. एकदा घोडा चुकीच्या बाजूला वळला आणि खांदा गेला. खांदा गेला तसं कामही गेलं.

"तुमी कोनता सिनेमामा दिखतस?" मी विचारलं.

"कोनतामाच नही. मन्ही पाठ दिखस, नहीते घोडानी धूय."

घरात हा विषय बंद होता. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, पोरगा "सिनेमामा" होता एवढंच कळलं होतं, आणि त्यांच्या लेखी सिनेमा म्हणजे नाचगाणं. पाटलाचा पोर तोंडाला रंग फासतो, याची त्यांना लाज वाटे. ते त्यावर बोलत नसत आणि हेही बोलत नसत. सुगीनंतर गावाबाहेर तंबूचा सिनेमा यायचा. सगळं गाव जायचं, हे मात्र ओसरीवर बसून दोर वळत राहायचे.

मी थोरल्या जाऊबाईंबरोबर जायची. मारामारीचा सिनेमा असला की जाऊबाई हिरोच्या नावानं हळहळायच्या आणि मी पडद्यावरच्या स्वारांच्या पाठी बघत बसायची. घोडा दौडत लांब गेला की माझी नजर त्या स्वाराच्या खांद्यांवर. एकदा एक जण भिंतीवरून पडला आणि उठताना त्यानं डोक्याला अगदी यांच्यासारखा झटका दिला, की माझ्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं. जाऊबाई म्हणाल्या, "घाबरू नको, तो मरत नही." घरी आल्यावर, तो तुम्हीच होतात का, असं यांना विचारलं नाही. विचारलं असतं आणि ते नाही म्हणाले असते तर?

अशी सात-आठ वर्षं गेली. दोन मुलं झाली. आबांची नजर कमी झाली, सासूबाई गेल्या. त्या वर्षी तंबू आला तेव्हा बैलगाडीवर भोंगा लावून एक जण गावभर ओरडत फिरला, "लढाईच लढाई, आणि हसून हसून पोट दुखेल!" आबा ओसरीवर बसले होते. काय मनात आलं कोण जाणे, यांना म्हणाले, "माले लई चाल. डोयाले कमी दिखस, पन आवाज ते आयकू येस."

बापाला नाही कसं म्हणणार? संध्याकाळच्या पहिल्या खेळाला आम्ही गेलो. मध्ये दोर बांधलेला, एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष. घरून नेलेलं गोणपाट मी दोराला लागून अंथरलं. दोराच्या पलीकडे आबा, आणि त्यांच्या पलीकडे हे.

सिनेमा सुरू झाला तो नेहमीसारखाच. काळा बुरखा, पांढरा घोडा, किल्ल्यावर बांधून ठेवलेली राजकन्या. तंबूत शिट्ट्या झाल्या. मग दहा तलवारींच्या मध्ये सापडलेला हिरो एकदम आमच्याकडे वळला आणि म्हणाला, "काळजी करू नका, अजून अर्धा सिनेमा बाकी आहे, मला काही होत नाही." कुणाला हसावं की काय करावं, कळेना. पुढे राक्षसासारख्या खलनायकानं भिंतीवर लाथ मारली, तर भिंत हलली आणि मागून दोन माणसं ती धरायला धावली. पोरं खिदळायला लागली. तरी मोठी माणसं गप्पच होती.

मग तो कडा आला. खाली दरी, मागे शत्रू. हिरोनं वाकून खाली बघितलं, बुरखा काढला, घाम पुसला आणि हाक मारली, "बोलवा रे त्याला!"

बाजूनं दुसराच माणूस आला. कपडे तेच, पण वयानं मोठा, हडकुळा, गालफडं बसलेली. त्यानं बिडी विझवून कानामागे खोवली, बुरखा बांधला, आकाशाकडे बघून हात जोडले आणि उडी मारली. खाली धूळ उडाली. धुळीतून हिरो ताठ चालत आला आणि गावानं त्याला हार घातला. तो माणूस मागून लंगडत गेला.

पोरांनी तंबू डोक्यावर घेतला. पण मागून एक म्हातारा रागानं ओरडला, "आमले काय माहीत नव्हतं का खोटं शे ते? पन सांगानी काय गरज व्हती?" त्याला दुजोरा द्यायला आणखी चार जण उठले. कुणी म्हणे, आम्ही लढाई बघायला आलोय, हा आम्हालाच वेड्यात काढतो. तेवढ्यात रीळ संपलं आणि दिवा लागला.

मी पदराआडून यांच्याकडे बघितलं. मान खाली होती. गावासमोर आपल्या कामाची अशी थट्टा बघायला का आणलं यांना, असं झालं. शेजारी जाऊबाई शेंगा सोलत म्हणाल्या, "काय हाई पिच्चर!" आणि मला रडू येईल असं वाटलं.

आबांना सगळं नीट दिसलं नव्हतं. ते मोठ्यानं म्हणाले, "हाऊ दुसरा कोन उना रे?"

"तो पडनारा शे, आबा," हे म्हणाले. "हिरोना जागावर तोच पडस."

"मंग हिरो काय करस?"

"हिरो उभा ऱ्हास."

आबांनी आवाज खाली आणून विचारलं, "तू हाईच काम करे का मुंबईले?"

"हां, आबा."

"लागे का?"

"लागे."

आबांनी हात पुढे केला. नीट दिसत नव्हतं, म्हणून आधी यांच्या छातीला लागला, मग चाचपत उजव्या खांद्यावर गेला आणि तिथंच थांबला. दिवा गेला, दुसरं रीळ सुरू झालं. पडद्याच्या उजेडात तो हात तसाच दिसत होता.

मधला बराच भाग रटाळ होता. तोच विनोद पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी त्या हडकुळ्या माणसाला बोलावत आणि प्रत्येक वेळी त्याच्या अंगावर एक पट्टी वाढलेली. काही लोक उठून गेले. शेवटी मोठी लढाई आली. हिरोनं आपला माणूस बोलावला, खलनायकानं त्याचा. दोघांनी तलवारी भिडवल्या आणि लढता लढता एकमेकांना विचारायला लागले, घरी सगळे बरे ना, मुलीचं लग्न जमलं का, गुडघा कसा आहे. मग तलवारी टाकून दोघं चहा प्यायला बसले. हिरो आणि खलनायक एकमेकांसमोर नुसते उभे. कुणालाच कुणाला मारता येईना. दोघं घाबरून दोन दिशांना पळाले.

तेव्हा हे हसले. मी लग्नानंतर यांना हसताना पाहिलं नव्हतं असं नाही, पण हे हसणं वेगळं होतं. पोट धरून, पुढे वाकून, डोळ्यांतून पाणी काढून. लोक पडदा सोडून यांच्याकडे बघायला लागले. मग आबा हसायला लागले. त्यांना तर काही दिसतही नव्हतं! शेजारचे हसले, दोराच्या अलीकडे आम्ही हसलो. मागचा तो रागावलेला म्हातारा मात्र हसला नाही. जाताना म्हणाला, "फुकट वेळ गया."

दुसऱ्या दिवशी केळीच्या बागेत मी न्याहारी घेऊन गेले. बांधावर बसल्यावर म्हटलं, "काल बराच वेळ मान खाले घालेल व्हती तुमी. वाईट वाटनं का?"

"नही वं." त्यांनी भाकरी मोडली, पण हातातच धरून ठेवली. "तो हडकुळा शे ना, तो मन्हा जोडीदार. एकच खोलीमा ऱ्हाऊत आम्ही. मी पडनू तव्हय त्यानीच माले उचलेल व्हतं. वीस वरीस पडी ऱ्हायना तो. काल त्याना चेहरा लोकेसनी पहिल्यांदा दखा."

भाकरी गार झाली तरी आम्ही बसून होतो. मग ते एकेक सांगत गेले. पडताना श्वास कधी सोडायचा, हिरो चांगला असला तर पडल्यावर पाणी कसं आणून द्यायचा, वाईट असला तर ओळखही कशी द्यायचा नाही. इतक्या वर्षांत मी ऐकलं नव्हतं ते सगळं त्या एका सकाळी ऐकलं.

तंबूवाल्यांना तो सिनेमा परवडला नाही. दुसऱ्याच दिवशी नेहमीचा, खऱ्या लढाईचा लावला आणि तंबू भरून गेला. हे तंबूच्या मालकाकडे त्या जोडीदाराचा पत्ता विचारायला गेले, पण त्याला काय माहीत? मुंबईला जुन्या खोलीच्या पत्त्यावर एक कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही.

फरक पडला तो घरात. आबा आता आल्यागेल्याला सांगत, "मन्हा पोऱ्या सिनेमामा व्हता. हिरो उभा ऱ्हाये, हाऊ पडे." पाहुण्यांना ते कौतुक की तक्रार, कळत नसे. मुलांनी ऐकलं आणि हट्ट धरला. मग एका दुपारी, अंगणात कापसाचा ढीग लागलेला असताना, हे ओसरीच्या कठड्यावर चढले. मी म्हटलं, "खांदा!" तोवर हे गेलेसुद्धा. कापसात पडले, उलटे झाले, उठून उभे राहिले. केसांना, मिशांना कापूस. आबा खाटेवरून विचारत होते, "पडना का? नीट पडना का?" मुलं टाळ्या पिटत होती, आणि मी पहिल्यांदा यांना समोरून पडताना बघितलं.

पुढे आम्ही दोघंही तंबूत जात राहिलो. तो सिनेमा मात्र चांगला की वाईट, यावर आमचं कधी जमलं नाही. मी म्हणे, लांबवला होता, आणि लोक उठून गेले तो सिनेमा कसला. ते म्हणत, "तुले समजना नही." मी म्हणे, तुमचा जोडीदार होता म्हणून आवडला. त्यावर ते म्हणत, "मंग काय झाये?"