पाठ असलेली बातमी

निजामाच्या राज्यात वऱ्हाडातून चोरून आलेला पेपर मी कळमनुरीच्या बाजारात लोकांना वाचून दाखवायचो. शेतकऱ्यांकडून सक्तीने नेलेली लेव्हीची ज्वारी तहसीलदाराच्या मेव्हण्याच्या गोदामात जाते, ही बातमी त्यात बिननावाची छापली होती. लिहिली मीच होती. वाचण्याच्या भरात पानावरची नजर उठली आणि उरलेली बातमी मी घडाघडा म्हणून टाकली.

तहसीलचा शिपाई गर्दीतच होता. "न बघता कसं वाचून राहिला रे?"

त्याच्यासोबतच्या चौघांनी मला आडवं पाडलं, पेपर तोंडात कोंबला आणि उजव्या हाताची बोटं तराजूच्या पाचशेरी वजनाने एकेक करून ठेचली. ज्यांची ज्वारी लुटली होती, ते मुकाट बघत होते. तो राग अजून गेलेला नाही.

पुढची बातमी मी सांगितली, बायकोने लिहिली. छापून आल्यावर त्याच जागी उभा राहून मी ती वाचली, पानात डोकं खुपसून, अडखळत.